शाखा काढल्या, आता वजनही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या जुन्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी असते. तिचा अर्थ सरळ आहे. गल्ल्यावर बसलेला माणूस मालक आहे, माल कसा निघतो यावर त्याचे स्वतःचे लक्ष आहे आणि तक्रार असेल तर ती त्यालाच सांगायची. सँडविचच्या चेनने दिलेले आश्वासन नेमके उलटे असते. शाखा पुष्कळ, मालक कुठेच दिसणार नाही, तरी फर्ग्युसन रस्त्यावर मिळते तेच सँडविच वारज्यात आणि हिंजवडीत मिळेल. हे पाळायचे तर मालकाच्या नजरेच्या जागी दुसरे काहीतरी ठेवावे लागते: वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आणि भिंतीवर लावलेले कृतीचे पत्रक. या वस्तू उद्घाटनापुरत्या राहिल्या की तक्रारी ठरलेल्या असतात. सारण कमी, आतून थंड, पार्सल ओले, बिल कळत नाही. प्रत्येकाला कारण आहे आणि प्रत्येक कारण दुरुस्त होण्यासारखे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

सारणापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नाराजी तिथे आहे. नीट बनवलेल्या व्हेज चीज ग्रिलचा हिशेब साधारण असा बसतो: जंबो ब्रेडच्या दोन स्लाइस मिळून ८० ग्रॅम, बटर १० ग्रॅम, हिरवी चटणी एक मोठा चमचा म्हणजे १५ ग्रॅम, उकडलेला बटाटा ४० ग्रॅम, काकडी २५, टोमॅटो २५, कांदा १५, बीट १० आणि चीज २५. भाजण्यापूर्वी हे २४५ ग्रॅम भरते. भाजताना थोडे पाणी उडून जाते, तरी सव्वादोनशेच्या खाली जायला नको. चाळीस ग्रॅम बटाटा म्हणजे अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चार चकत्या. काकडी तीन मिलिमीटरची हवी. त्याहून जाड असली तर चावताना निसटते, पातळ असली तर भाजल्यावर चिंधी होते.

हे प्रमाण हातावर सोडले की शाखाशाखांत फरक पडणारच. सगळ्यात मोठा फरक पडतो चीजमध्ये. बाजारात मिळणारी चीज स्लाइस साधारण २० ग्रॅमची आणि क्यूब २५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे एका सँडविचला एक क्यूब असा नियम केला तर चुकायला जागाच नाही. पण बहुतेक ठिकाणी चीज आधी किसून डब्यात भरलेले असते. किसलेले चीज फुलते. भरगच्च दिसणारी मूठ काट्यावर टाकली तर १२ ग्रॅमही भरत नाही, आणि हात बदलला की मूठ बदलते. उपाय महाग नाही. गर्दी सुरू होण्याआधी चीज छोट्या वाट्यांत मोजून ठेवायचे. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा काहीशे रुपयांत मिळतो.

दुसरी गोष्ट सारण कुठे ठेवले आहे याची. तिरके कापल्यावर जी कड ग्राहकाला दिसते, त्या रेषेवरच भाजी रचायची आणि चारही कोपरे रिकामे ठेवायचे, ही सवय फार पसरली आहे. कापलेल्या बाजूने सँडविच फोटोसारखे दिसते, तिसऱ्या घासाला नुसता ब्रेड हाती लागतो. ग्राहकाने कापलेली बाजू बघण्याऐवजी एक कोपरा उचलून बघावा. बटर आणि चटणी थेट कडेपर्यंत लागली आहे की नाही ते तिथे कळते. बटर कडेपर्यंत लावणे हा चवीपुरता प्रश्न नाही. बटरच्या थरामुळे चटणीचे आणि टोमॅटोचे पाणी ब्रेडमध्ये शिरत नाही. जिथे बटर नाही तिथे ब्रेड आधी भिजतो.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलिंग व प्रदर्शन नियमांनुसार दहा किंवा त्याहून अधिक ठिकाणी दुकाने असलेल्या खाद्यविक्रेत्याने मेन्यूवर प्रत्येक पदार्थासमोर किलोकॅलरी लिहिणे बंधनकारक आहे. अॅलर्जीकारक घटकांची माहितीही द्यावी लागते. २०२२ पासून हे लागू आहे. आता किलोकॅलरी काढायच्या तर घटकांची वजने ठरलेली असावीच लागतात. १० ग्रॅम बटर म्हणजे सुमारे ७२ किलोकॅलरी. ते कुणी सहा ग्रॅम लावले, कुणी पंधरा, तर बोर्डावरचा आकडा खोटा ठरतो. म्हणजे आकडा छापणाऱ्या प्रत्येक चेनकडे वजनांचा तक्ता आधीच तयार आहे. तो फायलीत आहे, ग्राहकासमोर नाही. माझी पहिली आणि मुख्य मागणी एवढीच आहे की किलोकॅलरीच्या शेजारी तयार सँडविचचे वजन आणि चीजचे वजन छापावे. मिठाईवाला काजूकतली तोलून देतो, मग दीडशे-दोनशे रुपयांच्या सँडविचचे वजन का सांगायचे नाही?

आता ग्रिल. ‘वरून जळाले, आत चीज तसेच’ ही तक्रार संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात जास्त येते आणि तिचे कारण कारागिराच्या आळसात नसते. ग्रिलरची प्लेट १८० ते २०० अंश सेल्सिअसला असताना एक सँडविच साडेतीन-चार मिनिटांत नीट होते. फ्रीजमधून काढलेले चीज आणि थंड बटाटा घातलेले सँडविच ठेवले की प्लेटचे तापमान खाली येते. ते पुन्हा चढायला वेळ न देता लगेच दुसरे, तिसरे ठेवले तर ब्रेड पांढुरका राहतो. मग ओरड होते म्हणून कारागीर बटण शेवटपर्यंत फिरवतो. प्लेट २५० अंशांवर जाते, ब्रेड दीड मिनिटात काळपट होतो आणि आत उष्णता पोचायच्या आत सँडविच काढावे लागते. प्रोसेस्ड चीज साधारण ६० ते ७० अंशांना वितळते. मधल्या थराला तेवढे तापमान मिळालेले नसते.

यावर तीन गोष्टी कराव्या लागतात. उकडलेले बटाटे फ्रीजमधून गर्दीच्या वेळी थोडे थोडेच बाहेर काढायचे, पण एकदम गार वापरायचे नाहीत. सँडविच काढल्यावर पुढचे ठेवण्याआधी ग्रिलरचा दिवा ‘तयार’ दाखवेपर्यंत थांबायचे. आणि ज्या शाखेत संध्याकाळी सतत रांग असते तिथे दुसरा ग्रिलर द्यायचा. तापमान तपासायला इन्फ्रारेड थर्मामीटर हजार-दीड हजारांत येतो. मात्र चकचकीत स्टीलवर तो खरे तापमान दाखवत नाही, कमी दाखवतो; काळ्या, तेल मुरलेल्या बिडाच्या प्लेटवर आकडा विश्वासार्ह येतो. सँडविचच्या आतले तापमान सुईच्या थर्मामीटरनेच मोजावे.

ग्रिलरचे झाकण हाताने दाबणे ही आणखी एक वाईट सवय. दाबले की लवकर होते असे वाटते, पण टोमॅटो फुटतो, चटणी बाहेर येते आणि प्लेटवर जळते. ती जळकट कडू चव पुढच्या सात-आठ सँडविचना लागते. दर दहा सँडविचनंतर प्लेट खरवडून पुसली पाहिजे. बिजागरी सैल झाली असेल तर झाकण एका बाजूला टेकते, दुसऱ्या बाजूला अधांतरी राहते. अर्धे सँडविच खमंग आणि अर्धे मऊ मिळाले तर दोष तिथे असतो.

ब्रेडबद्दल एक गैरसमज ग्राहकांमध्येही आहे. त्याच सकाळी आलेला ताजा ब्रेड ग्रिलसाठी चांगला नसतो. तो मऊ असल्याने बटर लावताना फाटतो आणि दाबला की चिकट होतो. एक दिवसाचा ब्रेड उत्तम. पण पावसाळ्यात बुरशीच्या भीतीने चेनवाले ब्रेड फ्रीजमध्ये ठेवतात, ते चुकते. फ्रीजच्या तापमानाला ब्रेडमधला स्टार्च बाहेरपेक्षा लवकर कडक होतो, स्लाइस चामट आणि कोरडी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये रोजच्या विक्रीचा अंदाज घेऊन कमी ब्रेड मागवणे किंवा थेट डीप फ्रीज करणे हे दोनच मार्ग आहेत. अर्थात त्यासाठी शाखेला रोज ऑर्डर बदलण्याची मुभा हवी. आठवड्याचा माल सोमवारीच ठरवून टाकणाऱ्या मुख्य कार्यालयाला ती द्यायची नसते.

चटणीवर पुणेरी सँडविच उभे आहे, आणि चेनमध्ये सगळ्यात आधी बिघडते तीही चटणीच. गाडीवाला दिवसाची चटणी सकाळी वाटतो. चेनची चटणी मध्यवर्ती स्वयंपाकघरात वाटली जाते, कॅनमध्ये भरली जाते आणि रात्री किंवा पहाटे शाखांना पोचते. कोथिंबीर-पुदिन्याचा हिरवा रंग आंबटात टिकत नाही. क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो आणि चटणी काळपट होते. म्हणून वाटताना बर्फ घालायचा, मिक्सर तापू द्यायचा नाही आणि लिंबू शाखेत, वापरण्याआधी पिळायचे. दोन दिवस जुनी चटणी पोपटी हिरवी दिसत असेल तर तिच्यात रंग घातला आहे का हे विचारायचा ग्राहकाला हक्क आहे. पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी महागली की चटणी पातळ होते किंवा डाळ्या आणि शिळा ब्रेड घालून घट्ट केली जाते. डाळ्या घालण्यात गैर काही नाही, पुष्कळ घरांत घालतात. पण कुणी शेंगदाणे घातले तर ते बोर्डावर लिहिलेच पाहिजे, कारण शेंगदाण्याची अॅलर्जी जिवावर बेतू शकते. आपल्याकडे दाण्याचे कूट सगळ्यात असते, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या माणसाला ते सांगण्यासारखे वाटत नाही. तेवढ्यासाठीच ते लेखी हवे.

चटणी, मेयोनीज, कापलेली भाजी आणि उकडलेला बटाटा हे सगळे पाच अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली ठेवायचे असते, आणि गरम ठेवायचे पदार्थ ६० अंशांच्या वर. मधल्या तापमानात जिवाणू वाढतात. काउंटरवर समोर मांडलेले डबे दुपारभर तसेच असतील आणि खाली बर्फ किंवा थंड ट्रे नसेल तर ते ग्राहकाला दिसते. तिथे थांबून विचारावे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभराची बंदी घातली, ती याच धोक्यामुळे. आपल्याकडे बहुतेक चेन एगलेस मेयोनीज वापरतात, पण फोडलेले पाकीट फ्रीजबाहेर ठेवले तर एगलेस असल्याने ते सुरक्षित होत नाही.

‘जैन’ म्हणून मागितलेले सँडविच ही कारागिराची खरी परीक्षा. कांदा, लसूण, बटाटा, बीट नको, एवढे बहुतेकांना माहीत असते. चटणीत लसूण आहे हे मात्र विसरले जाते, आणि सुरी तर तीच असते. बटाट्याऐवजी उकडलेले कच्चे केळे, वेगळी चटणी, वेगळी सुरी आणि गुंडाळलेल्या कागदावर ठळक शिक्का, इतके झाले तरच मेन्यूवर ‘जैन’ लिहावे. एकाच ग्रिलरवर चिकन आणि व्हेज भाजणाऱ्या शाखांनी तसे स्पष्ट सांगावे. ज्यांना चालत नाही ते दुसरीकडे जातील, पण फसवले गेल्याची भावना राहणार नाही.

पार्सलचे गणित वेगळे आहे आणि अनेक चेननी ते अजून मनावर घेतलेले नाही. गरम सँडविच बंद डब्यात ठेवले की त्याचीच वाफ झाकणाला लागून परत त्यावर पडते, आणि दहा-पंधरा मिनिटांत कुरकुरीतपणा संपतो. कात्रज ते कोथरूड वाहतुकीत अर्धा तास मोडणे काही नवे नाही. सँडविच ग्रिलरवरून काढल्यावर एक मिनिट जाळीवर ठेवावे, मग कापावे, मग भोके असलेल्या कागदी डब्यात भरावे. अॅल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळू नये. पार्सलसाठी टोमॅटो ब्रेडला टेकवू नये. तो बटाटा आणि चीजच्या मध्ये ठेवावा, कारण बटाटा त्याचे पाणी शोषतो. मीठ-मसाला सगळ्यात शेवटी भुरभुरावा, आधी टाकला तर काकडीला पाणी सुटते. वरची चटणी वेगळ्या डबीत द्यावी. यात खर्च वाढत नाही, एक मिनिट वाढते. ते मिनिट डिलिव्हरी अॅपवरच्या ‘तयार’च्या वेळेत धरले नाही, तर कारागीर ते देऊ शकत नाही.

बिलाबद्दल थोडक्यात. रेस्टॉरंटच्या बिलावर नोव्हेंबर २०१७ पासून साधारणपणे ५ टक्के जीएसटी आहे. १६० रुपयांच्या सँडविचवर ८ रुपये. दुकान कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी जीएसटी योजना) असेल तर त्याला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. एकाच चेनच्या दोन फ्रँचायझी शाखांमध्ये त्यामुळे बिल वेगळे येऊ शकते, हे दुकानाने समजावून सांगावे. सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते कायम ठेवले. स्वतः टोकन घेऊन स्वतः ट्रे उचलायच्या दुकानात तर ते दुसऱ्या नावानेही येऊ नये. बिलासाठी मोबाइल नंबर सक्तीने मागू नये असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले आहे. आणि १ जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न सुरक्षेचा १४ अंकी क्रमांक असायला हवा. तो १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. मोठ्या नावाच्या शाखेच्या बिलावर क्रमांकच नसेल तर तिथेच विचारावे.

ऑनलाइन शेऱ्यांबद्दलही एक विनंती. ‘पाच स्टार द्या, कोल्ड कॉफी मोफत घ्या’ असे कार्ड टेबलावर ठेवणाऱ्या शाखा स्वतःचेच नुकसान करतात. पाच स्टारच्या ढिगात ‘बुधवारी संध्याकाळी चीज वितळले नव्हते’ ही कामाची ओळ बुडून जाते, आणि बिघडलेल्या ग्रिलरची बातमी मुख्य कार्यालयाला कळत नाही. ऑनलाइन शेरे कसे गोळा करावेत आणि दाखवावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले आहे. ते ऐच्छिक आहे, पण ते पाळण्यापासून कुणी अडवलेले नाही.

शेवटी तक्रारीविषयी. काउंटरवरच्या मुलावर आवाज चढवणे अन्यायाचे आहे. चीजचे प्रमाण त्याने ठरवलेले नाही, दुसरा ग्रिलर त्याने नाकारलेला नाही आणि बहुधा तो सकाळपासून उभा आहे. पण चेननेही त्याला किंवा शाखा व्यवस्थापकाला फोन न लावता नवे सँडविच करून देण्याचा अधिकार दिला पाहिजे. आज ‘हेड ऑफिसला मेल करा’ असे सांगितले जाते, हेड ऑफिस डिलिव्हरी अॅपकडे बोट दाखवते आणि अॅप पुन्हा शाखेकडे. प्रत्येक शाखेत दर्शनी भागात फ्रँचायझीधारकाचे नाव आणि त्याला थेट लागणारा फोन लिहिलेला असावा.

ग्राहकाने तक्रार करताना चार गोष्टी द्याव्यात: बिलाचा फोटो, सँडविचचा कापलेल्या बाजूचा आणि उचललेल्या कोपऱ्याचा फोटो, मिळाल्याची वेळ, आणि काय हवे ते एका वाक्यात, म्हणजे नवे सँडविच, पैसे परत की नुसती नोंद. ‘एकदम बकवास’ लिहून कुणाला काही दुरुस्त करता येत नाही. ‘चीज मध्ये घट्ट होते, कडा काळ्या’ लिहिले की ग्रिलरचे बटण कुठे आहे ते कळते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि अस्वच्छतेची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या नि:शुल्क क्रमांकावर करता येते.

पोट बिघडले असेल तर उरलेले सँडविच टाकून देऊ नये. स्वच्छ पिशवीत घालून, तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवावे आणि आधी डॉक्टरांकडे जावे. एक लक्षात घ्यावे की शेवटी खाल्लेला पदार्थच दोषी असतो असे नाही. स्टॅफिलोकोकस या जिवाणूच्या विषाने उलट्या साधारण एक ते सहा तासांत सुरू होतात, तर साल्मोनेला या दुसऱ्या जिवाणूचा त्रास सुरू व्हायला सहा तासांपासून काही दिवसही लागू शकतात. म्हणून आदल्या दोन-तीन दिवसांत कुठे काय खाल्ले तेही लिहून डॉक्टरांना द्यावे, आणि तक्रारीत सँडविच खाल्ल्याची आणि त्रास सुरू झाल्याची वेळ स्वतंत्र लिहावी.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे